शाईची रेषा कोणाची?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

आदरणीय ताई,

मी इंदूरला रामबागेत राहते, वय २९. दिवसा एका पॅकेजिंग डिझाइनच्या कार्यालयात नोकरी करते आणि रविवारी सकाळी आमच्या चित्रकथा काढणाऱ्या आठ जणांच्या गटात बसते. ज्यांनी गट सुरू केला त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. शाईचा ब्रश धरायला मला त्यांनीच शिकवले. चार वर्षांत आम्ही पदरचे पैसे घालून तीन अंक काढले, दोन हिंदीत आणि एक मराठीत. तिन्ही अंकांत पेन्सिलीच्या चित्रांवर शाई फिरवण्याचे, म्हणजे इंकिंगचे, आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरे काढण्याचे बहुतेक काम माझ्याकडे होते. त्यातली एक कथा लोकांना फार आवडली. रात्री शहरातल्या पुतळ्यांशी बोलणारी टेम्पोचालकाची मुलगी, अशी ती कथा. दादांनी ती लिहिली, गटातल्या एका मुलाने पेन्सिलीत काढली आणि मी शाईत आणली. आता बाहेरगावच्या एका प्रकाशकाला त्या मुलीचे ९६ पानांचे पुस्तक हवे आहे. एकूण ६०,००० रुपये मिळतील. मुखपृष्ठावर फक्त दादांचे नाव असेल आणि आम्हा दोघांची नावे शेवटी ‘आभार’मध्ये येतील, असे दादांनी सांगितले. मी कारण विचारले तर म्हणाले, “अगं, इंकिंग म्हणजे रेषेवरून रेषा.” सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन रडले. गट सोडावा का? की ज्यांनी शिकवले त्यांच्याशी असा हिशेब करणे हा कृतघ्नपणा आहे? सोबत एका पानाचे पेन्सिलीतले आणि शाईतले असे दोन फोटो, आणि आमचा मराठी अंक पाठवते. (माझे आजोबा हुकुमचंद कापडमिलच्या झांकीला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथाला, रंग द्यायचे, त्यामुळे घरात ब्रश होताच, पण शाईचा ब्रश दादांनीच दिला.)

रामबागेतील एक शाईवाली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि दादांच्या त्या वाक्याचे उत्तर मला तिथेच मिळाले, म्हणून सुरुवात त्या पानापासूनच करते. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्यादेवींच्या पुतळ्यापुढे ती मुलगी उभी आहे आणि वेळ रात्रीची आहे. पेन्सिलीच्या पानावर रात्र म्हणजे बोटाने चोळलेला करडा ढग आहे, मुलीच्या खांद्याला तीन रेषा आहेत आणि पुतळ्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसती एक फुली आहे. तुमच्या पानावर तो ढग राहिलेला नाही, कारण शाईला करडे ठाऊक नसते. तिला एक तर काळे माहीत, नाही तर कागदाचे पांढरे. रात्र कुठे पूर्ण काळी भरायची आणि बागेचे कठडे कुठे नुसत्या रेषांवर सोडायचे, हे ठरवल्याशिवाय तुमचा ब्रश कागदावर टेकूच शकत नव्हता. खांद्याच्या तीन रेषांतून तुम्ही सर्वांत खालची निवडली, त्यामुळे तो खांदा किंचित उतरला आणि ती मुलगी दिवसभराची दमलेली दिसू लागली. वेणीच्या कडेला तुम्ही गव्हाच्या काडीएवढी पांढरी फट सोडली आहे आणि तेवढ्या एका फटीमुळे ती अंधारातून सुटून पुढे आली आहे. पुतळ्याचा चेहरा तर सर्वस्वी तुमचाच आहे, कारण तिथे कोणी रेषेवरून रेषा फिरवली असती तर कागदावर शाईची फुलीच उमटली असती.

तेव्हा तुमचे दुःख रास्त आहे, हे पहिल्याच झटक्यात स्वच्छ लिहून टाकते. दादांच्या मनात खोट असेल असे मला वाटत नाही. अनेक वर्षे लिहिणाऱ्या माणसाला आपली गोष्ट डोक्यात आधीच पूर्ण दिसत असते आणि पुढचे सगळे हात हे त्या दिसण्याला कागदावर उतरवणारे मदतनीस वाटू लागतात. चित्रकथेच्या धंद्यात हा गैरसमज फार जुना आहे आणि त्याची किंमत फार मोठ्या माणसांनी मोजलेली आहे. अमेरिकेत १९३९ मध्ये बॅटमॅन हे पात्र छापून आले तेव्हा त्यावर एकट्या बॉब केनचे नाव होते. त्या पात्राची वेशभूषा सुचवणारा आणि त्याच्या आरंभीच्या कथा लिहिणारा बिल फिंगर १९७४ मध्ये वारला आणि त्याचे नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे लागले ते २०१५ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी. आपल्याकडे १९९१ पासून ‘चिंटू’ रोज वर्तमानपत्रात येऊ लागला तेव्हा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही दोन नावे वाचकांना सुरुवातीपासून एकत्र माहीत झाली, आणि त्यामुळे त्या दोघांपैकी कोणाचेही काही कमी झाले नाही.

आता थोडे कडू लिहिते. तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी तुमच्याच लक्षात आलेली दिसत नाही. त्या मुलीचा चेहरा, तिच्या दोन वेण्या, पुतळ्यांकडे मान वर करून पाहण्याची तिची ढब हे सगळे पेन्सिलीने ज्या मुलाने घडवले त्याचा उल्लेख तुम्ही संपूर्ण पत्रात ‘एक मुलगा’ आणि ‘आम्हा दोघांची’ एवढ्याच शब्दांत केला आहे. मुखपृष्ठावरून नाव वगळले जाण्याने ज्याचे सर्वांत अधिक नुकसान होणार आहे तो तोच आहे. पात्राचे रूप ज्याने घडवले त्याचा हक्क तुमच्यापेक्षाही मोठा आहे. तो त्या रविवारी काय म्हणाला, हसला की गप्प बसला, हे तुम्ही लिहिले नाही आणि बहुधा त्याला विचारलेही नाही. म्हणून दादांकडे जाण्याआधी त्याच्याकडे जा. तो घाबरत असेल, कदाचित त्याला नावापेक्षा पुस्तक निघणे महत्त्वाचे वाटत असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका; परंतु तुमच्या मागणीत त्याचे नाव नसेल तर जी वागणूक तुम्हाला लागली तीच तुम्ही त्याला देत आहात, हे ध्यानात ठेवा.

कायद्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण अशा गटांत कायद्याचे नाव काढले की भांडण सुरू झाले असे सगळे समजतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र कागदावर उतरले की हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी करावीच लागते असे नाही. तुम्ही दादांकडे पगारी नोकरीला नव्हता, त्यामुळे तुमच्या हातून झालेल्या कामाचा हक्क आपसूक त्यांच्याकडे जाण्याचे कारण नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतात. तोंडी ‘हो’ म्हटल्याने, किंवा सगळे हसले तेव्हा आपणही हसल्याने, हक्क कोणाकडे जात नाही. याशिवाय कलम ५७ मध्ये असे आहे की हक्क विकून टाकल्यानंतरही ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो.

ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही तिला कायदा सामायिक कर्तृत्वाची कृती म्हणतो. लेखन आणि चित्र वेगळे काढता येतात, त्यामुळे गोष्ट दादांची आणि चित्रे चित्रकारांची असा विचार होऊ शकतो. पेन्सिल आणि शाई मात्र एकाच कागदावर एकमेकांत मुरलेली असतात. त्यात शाईकाराचा वाटा किती हे त्या त्या पानावरून ठरेल, आणि प्रत्येक शाईकाराला सहकर्ता म्हणता येईलच असे मी सांगणार नाही. पण जिथे फुलीचा चेहरा झाला आहे अशी पाने तुमच्याकडे असतील तर ती तुमची सर्वांत भक्कम बाजू आहे. पेन्सिलीच्या अवस्थेतले सगळे फोटो तारखांसह एका जागी जमवून ठेवा. अक्षरे काढण्याच्या कामावर असा दावा लावू नका. त्याला श्रेय हवे, मोबदला हवा, पण कर्तृत्वाचा मुद्दा तिथे ताणला तर तुमची मूळ बाजू लंगडी पडेल. जुन्या अंकातली पाने तशीच घेणार की सगळी नव्याने काढणार, हे पत्रावरून कळत नाही. ते आधी विचारून घ्या, कारण जुनी पाने वापरायची असतील तर तुमच्या दोघांच्या लेखी संमतीची गरज आणखी उघड आहे. कागदावर सही करण्याची वेळ येईल तेव्हा इंदुरातल्या एखाद्या वकिलाला तासभर बसवून मसुदा दाखवा. तेवढा खर्च तिघांनी मिळून करावा.

यातली एक गोष्ट दादांच्याच हिताची आहे आणि बोलण्याची सुरुवात तिथून केलीत तर सोपे जाईल. प्रकाशकाच्या करारनाम्यात बहुधा असे कलम असते की ‘ही कृती माझी स्वतःची आहे, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही आणि तसा दावा कोणी केला तर नुकसानीची जबाबदारी माझी.’ दादा एकट्याच्या नावाने तिथे सही करतील तर ते वचन ते अशा गोष्टीचे देतील जी त्यांच्या हातात नाही. उद्या पुस्तकाचा दुसऱ्या भाषेत अनुवाद झाला किंवा कोणी त्यावर ॲनिमेशन करायला मागितले, की पहिला प्रश्न कागदांचाच निघतो आणि अडकतील ते दादा. तुम्ही नाव मागता आहात त्यात त्यांचे संरक्षणही आहे, हे त्यांना शांतपणे समजावता येईल.

पैशांचे गणित मी कागदावर मांडून पाहिले. ६०,००० रुपये भागिले ९६ पाने, म्हणजे पानामागे ६२५ रुपये. माझ्या मते लेखन आणि पेन्सिल यांना सारखा वाटा द्यावा, समजा प्रत्येकी २००. शाईला १५० आणि अक्षरांना ७५. तुमच्याकडे शाई आणि अक्षरे दोन्ही आहेत, तेव्हा पानाला २२५ रुपये, पूर्ण पुस्तकाचे २१,६००. एका पानाच्या शाईला चार तास आणि अक्षरांना एक तास धरला तर ताशी ४५ रुपये पडतात. तुम्ही स्वतः दोन पाने घड्याळ लावून करून पाहा आणि हा आकडा दुरुस्त करा, पण फार बदलेल असे वाटत नाही. एवढ्या रकमेवरून चार वर्षांचे संबंध कोणी पणाला लावू नयेत आणि तुम्हीही पैशांच्या वाटणीत दोन पावले मागे यायला तयार असा. आग्रह धरायचा तो दोन गोष्टींचा. पहिली गोष्ट, मुखपृष्ठावर तीन नावे आणि आतल्या पहिल्या पानावर कथा, पेन्सिल, शाई आणि अक्षरे यांचे वेगवेगळे श्रेय. दुसरी गोष्ट, त्या मुलीच्या पात्रातून पुढे जे काही निघेल, म्हणजे पुनर्मुद्रण, अनुवाद, दुसरे पुस्तक, त्यात तिघांचा ठरलेला हिस्सा. ज्यांनी सुपरमॅन घडवला त्या दोन तरुणांनी १९३८ मध्ये त्या पात्राचे सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले होते आणि त्यांचे उरलेले आयुष्य त्या एका कागदाशी झगडण्यात गेले. पहिल्या चेकबरोबर पात्र देऊन टाकू नका, एवढेच मी दादांनाही सांगेन.

हे बोलायचे कसे, याबद्दल माझे मत पक्के आहे. रविवारच्या बैठकीत बोलू नका आणि व्हॉट्सॲपच्या गटावर तर एक अक्षरही टाकू नका. आठ जणांसमोर माणसाला आपले म्हणणे मागे घेणे जड जाते, आणि दादांनी ते वाक्य आठ जणांसमोर उच्चारलेले असल्यामुळे तिथे ते त्याला चिकटूनच बसतील. त्यांच्या घरी जा, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, त्या मुलाला बरोबर घेऊन, आणि तो येत नसेल तर एकट्या. ते दोन फोटो मोठे छापून न्या. आधी फोटो समोर ठेवा आणि “दादा, या पुतळ्याचा चेहरा कोणी काढला?” एवढेच विचारा. मग गप्प राहा. ज्या माणसाने तुम्हाला ब्रश धरायला शिकवला त्याला ते पान वाचता येते. त्यानंतर तुमच्या दोन मागण्या एका कागदावर स्वच्छ लिहून द्या, विचार करायला आठ दिवस द्या, आणि चहा घेऊन परत या. रडू आले तर येऊ द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त ‘असू दे दादा, जाऊ दे’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका.

ते वाक्य मी स्वतः म्हटलेले आहे. तरुणपणी एका छापखान्यासाठी मी मुलांच्या अंकलिपीची चित्रे काढली होती. मालक भला माणूस होता, दिवाळीला घरी फराळ पाठवायचा, माझ्या आईच्या आजारपणात त्याने न मागता मदत केली होती. पुस्तकावर माझे नाव आले नाही तेव्हा मी विचारले, तो म्हणाला पुढच्या आवृत्तीत बघू, आणि मी म्हटले, असू दे. आवृत्त्या निघत गेल्या. मी त्याच्याकडे जाणे हळूहळू कमी केले, मग बंद केले, आणि का बंद केले ते त्याला कधीच कळले नाही. माझे नाव गेले त्यापेक्षा तो माणूस गेला याचे मला आज अधिक वाईट वाटते. तुम्ही विचारता की हिशेब मागणे कृतघ्नपणा आहे का. ज्याने शिकवले त्याच्याशी मनात अढी धरून वर्षानुवर्षे गोड बोलत राहणे, हे मी केले आणि त्याला मी कृतघ्नपणा म्हणते. दादांनी तुम्हाला रेषा शिकवली आहे, तेव्हा ‘ही रेषा माझी आहे’ हे सर्वांत आधी त्यांनाच सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

दादांनी ऐकले नाही तर काय? तर ते पुस्तक सोडा. शाई आणि अक्षरे दुसऱ्या कोणाकडून करून घ्या असे सांगा, तुमची जुनी पाने लेखी संमतीवाचून वापरू नका असे एका साध्या पत्राने कळवा आणि त्या पत्राची प्रत ठेवा. गट मात्र त्याच कारणासाठी सोडू नका. इंदुरात रविवारी सकाळी आठ माणसे पोहे-जिलबी आटोपून एका खोलीत जमतात आणि एकमेकांची पाने पाहतात, ही गोष्ट सहज मिळत नाही. नोकरी सांभाळून एकट्याने घरी बसून काढणाऱ्यांची पाने सहा महिन्यांत कशी आटतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पुष्कळ पाहिले आहे.

फक्त त्या खोलीचा रिवाज थोडा बदलायला हवा आणि तो बदलण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या. एक जाड वही आणा. प्रत्येक अंकाच्या प्रत्येक पानासाठी गोष्ट कोणाची, पेन्सिल कोणाची, शाई कोणाची, अक्षरे कोणाची आणि मूळ कागद कोणाच्या घरी राहणार, हे काम सुरू होतानाच तिथे लिहा आणि ज्यांची नावे आली त्यांनी सही करावी. मूळ कागदाचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या चित्रकथा प्रकाशकांकडे छपाई झाल्यावर मूळ पाने पेन्सिलकार आणि शाईकार यांच्यात वाटून परत देण्याची पद्धत पडली, कारण ते कागद विकताही येतात. आधीच्या तीन अंकांची नोंदही याच वहीत मागे जाऊन करा. आठवणी ताज्या आहेत तोवर त्यावर वाद होणार नाही. दादांचे नाव त्या वहीत सर्वांत अधिक पानांवर येईल, ते त्यांनाही आनंदाने दिसू द्या.

आपल्या शहरात कलावंतांच्या मैत्रीची एक मोठी परंपरा आहे. चित्रकार विष्णू चिंचाळकर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते, रंगभूमीवरचे बाबा डिके आणि देवासला राहणारे कुमार गंधर्व यांचे मैत्र जुन्या इंदूरकरांच्या घराघरात अजून सांगितले जाते. वाळलेले पान, लाकडाचा ढलपा, फाटका कागद यांतून गुरुजी चित्र शोधायचे. त्या मैत्रीचा विचार करताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते की त्या चौघांपैकी प्रत्येकाचे स्वतःचे असे काम होते. कोणाचे गाणे, कोणाचे चित्र, कोणाचे नाटक, कोणाचा अग्रलेख, आणि मित्रांच्या घरून उठले की प्रत्येक जण आपापल्या कामाकडे परतत असे. तुमच्या पत्रात मी हेच शोधले आणि मला ते सापडले नाही. चार वर्षांत तुम्ही दादांच्या गोष्टीवर शाई फिरवली, इतरांच्या गोष्टींवर फिरवली, सगळ्यांची अक्षरे काढली; तुमची स्वतःची चार पाने रविवारच्या टेबलावर कधी आली, याचा एकही उल्लेख नाही. नाव न मिळण्याचा घाव इतका खोल का बसला, त्याचे अर्धे कारण मला इथे दिसते. ज्याच्याकडे स्वतःचे पान आहे त्याला दुसऱ्याच्या पानावरचे नाव नाकारले गेले तर राग येतो; ज्याच्याकडे ते एकच पान आहे त्याचे सगळेच जाते. नाव मागण्याचे काम याने पुढे ढकलायचे नाही. दोन्ही एकाच महिन्यात सुरू करा.

तुमच्याकडे स्वतःचा आवाज आहे की नाही, अशी शंका तुम्हाला येईल, म्हणून तुमच्या मराठी अंकातले मला दिसलेले सांगते. इंदुरातले छापखाने हिंदीच्या सवयीने चालतात. तिथे ‘काळी’ची सहज ‘काली’ होते आणि ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र जुन्या फाँटमध्ये मोडून पडतो. तुम्ही अक्षरे हाताने काढल्यामुळे तुमच्या अंकात प्रत्येक ळ गोल आणि ठसठशीत आहे, जणू घरात आजीने उच्चारलेला. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे फुग्यांतल्या ओळी. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या वर चढतात, त्यामुळे इंग्रजी चित्रकथेच्या मापाने फुगा आखला की त्या एकमेकांत घुसतात. तुमच्या नवव्या पानावर ती मुलगी म्हणते, ‘तू पूर्वी कुठे होतास?’, आणि तिथे तुम्ही ओळ अशा जागी तोडली आहे की ‘पू’ चा उकार खालच्या ‘होतास’ मधल्या मोकळ्या जागेत अलगद उतरतो. हे कोणी शिकवलेले नसते. ज्याच्या कानात ती भाषा आहे आणि हातात ब्रश आहे त्यालाच ते सुचते.

आणि गोष्ट कोणती, तर ती तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी कंसात टाकून दिली आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघायच्या तेव्हा अख्खे इंदूर रस्त्यावर उभे असायचे, आणि लोक म्हणायचे यंदा हुकुमचंदची चांगली, यंदा मालवा मिलची चांगली. झांकीवर मिलचे नाव असे. ज्यांनी रात्री जागून त्या देवदेवतांचे डोळे रंगवले त्यांची नावे त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक राहिली. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिथे काम केलेली माणसे आता थोडी उरली आहेत. आजोबा असतील तर याच आठवड्यात वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. नसतील तर आजीजवळ, वडिलांजवळ, आजोबांच्या एखाद्या जुन्या सोबत्याजवळ बसा. रंग कुठून यायचे, सरस कोण उकळायचे, डोळे शेवटी का काढायचे, पाऊस आला तर काय झाकायचे आणि काय भिजू द्यायचे, पगार थकले त्या वर्षी झांकी निघाली का, हे सगळे विचारा. आठ पाने पुरेत. ए-फोर आकाराचे दोन कागद मधोमध दुमडले की आठ पाने होतात आणि घडीवर दोन पिना पुरतात. पेन्सिल तुमची, शाई तुमची, अक्षरेही तुमची, आणि त्यात डोळे रंगवणाऱ्या त्या माणसाचे नाव कुठे तरी पूर्ण लिहा, आडनावासकट. दादांकडून आठ दिवसांनी उत्तर येईल त्या रविवारी त्यातली पहिली दोन पाने पेन्सिलीत तयार असू द्या, आणि उत्तर काहीही आलेले असले तरी ती टेबलावर सगळ्यांच्या मध्ये ठेवा. छापून झाली की एक प्रत मला पाठवा.